समुद्रकाकडीच्या अंगातले खडे

चाळिशीतल्या मला आज कुणी माझ्या ओट्यावर आणून उभं केलं, तर मी तिला पाणी देईन, पण बस म्हणणार नाही. बसली की बोलायला लागेल, आणि बोलायला लागली की दुसऱ्याच वाक्यात तिच्या पीएचडीवर येईल. नातवंडं विचारतात, आजी, तू तेव्हा कशी होतीस? मी सांगते, हुशार होते, आणि ते मला माहीत होतं. दुखणं काय ते एवढंच.

माझी पीएचडी समुद्रकाकडीवर. माहेर साखरखेर्ड्याचं, सासर उंद्रीचं. समुद्र पाहिला तो लग्नानंतर, एकदाच, चपला हातात धरून. पण विद्यापीठात आमच्या सरांच्या खोलीत भिंतभर बरण्या होत्या आणि बरण्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेले समुद्रातले प्राणी. सरांनी माझ्या हातची चित्रं पाहिली आणि एक अख्खं कपाट मला सोपवलं. समुद्रकाकडी ही काकडी नाही हे मी जन्मभर सांगत आले, तर तुम्हालाही सांगते. तारामाशाच्या भाऊबंदांतला हा प्राणी. लांबुळका, मऊ, तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे चटकन न कळणारा, तळाचा गाळ खात खात सरकणारा. नुसतं वरून बघून त्याची जात सांगणं फार धोक्याचं. स्पिरिटात पडला की आखडतो, रंग सोडतो, दोन वेगळ्या जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसायला लागतात.

खरी ओळख कातडीत असते. कातडीत चुन्याचे बारीक खडे असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि जातीजातीचा घाट वेगळा. कुणाचे शर्टाच्या गुंडीसारखे, कुणाचे बैलगाडीच्या चाकासारखे, कुणाचे इवल्या तिवईसारखे. पुस्तकात त्यांना अस्थिका म्हणतात, सरांच्या खोलीत आम्ही खडेच म्हणायचो. तांदळाच्या दाण्याएवढी कातडी कापायची, काचेवर ठेवायची, वर कपडे पांढरे करायच्या ब्लीचचे दोन थेंब सोडायचे. कातडी विरघळून जाते, खडे उरतात. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. मला या कामाचं वेड होतं. आणि वेड लागलेली ही बाई लग्न करून आली कापसाच्या गावात, आणि तालुक्याच्या कॉलेजात पंधरा वर्षं बेडूक आणि झुरळ शिकवत राहिली.

गावात माझं नाव अळीवाल्या मॅडम. बीटी कपाशी येऊन चार-पाच हंगाम झाले होते. या बियाण्याला बोंडअळी लागत नाही असं ऐकून सगळ्यांनी तेच पेरलं होतं, आणि त्या वर्षी अळी नव्हतीही. पण झाडाच्या शेंड्यांवर, पेरांवर पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटून बसायला लागलं होतं आणि झाडं बसल्या जागी सुकत होती. लोक फांद्या कागदात गुंडाळून माझ्या दारात यायचे. मी बघून सांगायचे, हा मिलीबग, रस शोषणारा किडा. बीटीचा आणि याचा संबंध नाही, बीटी फक्त अळीवर.

"म्हंजे आमाले सांगतलं थे खोटं?" एकानं विचारलं.

"खोटं नाही. अर्धंच सांगितलं."

त्यानं फांदी पुन्हा कागदात गुंडाळली. "अर्ध्यानंच तं मारलं ना मॅडम," म्हणाला आणि गेला. त्या वर्षी गावाचा चेहराच तसा होता. फवाऱ्याचे पंप सकाळपासून चालायचे आणि कोण कशात काय मिसळून मारतंय हे मारणाऱ्यालाही माहीत नसायचं.

अशा दिवसांत, दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर, एसटीडी बूथवाल्या चाचांनी घरी सांगावा धाडला की मॅडमसाठी बाहेरगावाहून फोन येणार आहे, पाचला या. मोबाइल आमच्या आळीत नुसता दाखवायला होता, रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. चाचांचा बूथ स्टँडसमोर. काचेचं दार होतं पण ते लागत नसे, त्यामुळे आत बोललेलं बाहेर बाकावर बसलेल्यांना फुकट ऐकू यायचं.

फोन मैत्रिणीचा होता. सरांच्या खोलीत आम्ही दोघी एका टेबलावर बसायचो. ती आता किनाऱ्यावरच्या एका संस्थेत होती. त्यांच्या जहाजानं दोन हजार मीटरच्याही खालून जाळ्यात काय काय वर आणलं होतं. सगळ्याला नावं लागली होती, एक सोडून.

"एकच नग आहे," ती म्हणाली. "आमच्याकडचे म्हणतात, 'समुद्रकाकडी, अनोळखी' लिहून टाक आणि मोकळी हो. मी अहवाल अडवून धरलाय. म्हटलं, हिला ओळखणारी एक बाई आहे. पंधरा दिवस दिलेत मला. बघशील?"

मी बघेन का? मला कुणी चंद्रावर खडे निवडायला बोलावलं असतं तरी इतकी हरखले नसते.

"एकच नग आहे म्हणजे समजलीस ना?" ती पुन्हा म्हणाली. "पाठीची आणि पोटाची थोडी कातडी घे, जास्त कापू नकोस. माझी मान तुझ्या हातात आहे."

बाहेर आले तर चाचा म्हणाले, "किसकी मान है मॅडम?"

"काकडीची," मी म्हटलं.

"फिर तो कोशिंबीर करा," चाचा म्हणाले, आणि बाकावरचे दोघं हसले. मला राग आला. आज मला वाटतं, चाचांनी सगळ्यात सौम्य सल्ला दिला होता.

चार दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं चिखलीला पार्सल आलं. आमचे हे मोटारसायकलवर जाऊन घेऊन आले. खोक्यातून स्पिरिटचा वास येत होता, खालचा पुठ्ठा ओला. उघडून पाहिलं तर काचेची बरणी एका बाजूनं तडकलेली, स्पिरिट अर्ध्यावर उतरलेलं. आत मलमलच्या कापडात गुंडाळलेली ती. कापड सोडलं आणि तिला उजेडाकडे धरलं. वीतभर लांब, जाड, गर भरल्यासारखी, आणि रंग अजून शाबूत, गडद जांभळा. अंगाभोवती झालर. पोटाकडून पायांच्या दोन रांगा. तोंडाभोवतीची बोटं आत ओढून घेतलेली, जशी थंडीत आपण शालीत हात घेतो. खोल पाण्यातल्या काकड्यांची चित्रंच मी पाहिली होती. सरांच्या कपाटात सगळ्या किनाऱ्यावरच्या होत्या.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. डोकावून म्हणाल्या, "हे तं वांगं आहे."

"आत्याबाई, समुद्रकाकडी म्हणतात हिला."

"म्हणोत बापा. वांगंच आहे." मग जरा जवळून बघून, "भरायचं वांगं. बिया लय असतीन."

आता तिला दुसऱ्या भांड्यात ठेवणं भाग होतं. रुंद तोंडाचं, झाकणाचं, स्वच्छ. काचेच्या बरण्या होत्या घरात, पण सगळ्यांत लोणचं. स्टीलचे डबे नकोत, असं मी ठरवलं. का ठरवलं हे आज आठवत नाही, पण तेव्हा मी सगळंच ठामपणे ठरवत असे. न्हाणीवरच्या माळ्यावर चढले. तिथे जुन्या टोपल्यांमागे एक पांढरा जाड प्लास्टिकचा डबा दिसला. आत बोट फिरवलं. डाग नाही, तेलाचा ओशटपणा नाही, कसला वास नाही. आमच्या अख्ख्या घरात इतकं निर्मळ भांडं नव्हतं. मला तर आनंद झाला. त्यात काकडी ठेवली, कॉलेजातून आणलेलं नवं स्पिरिट वर ओतलं, झाकण लावलं, आणि दिवाळीच्या फराळाला लागले. तीन दिवस तिला हातही लावला नाही. शंकरपाळे तळताना मी डब्याकडे बघून हसायचे, एवढं आठवतं.

चौथ्या दिवशी काम मांडलं. प्राचार्यांच्या परवानगीनं कॉलेजचा सूक्ष्मदर्शक सुटीपुरता घरी आणला होता. जुना, खाली आरसा असलेला. खिडकीतलं ऊन आरशावर घ्यायचं आणि ते वर काचेतून फेकायचं. ते ऊन फक्त बैठकीत येई, आणि बैठकीत तर कापूस. वेचलेला कापूस भावाची वाट बघत छतापर्यंत रचून ठेवलेला. खिडकीपाशी एक कोपरा मोकळा केला, टेबल टाकलं, आणि कापसाच्या डोंगराला पाठ लावून बसले.

पहिली काच लावली आणि ओरडलेच. एक लांब, चपटी, पिळदार फीत, जागोजागी वळलेली, उन्हात चमकणारी. असा खडा मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. धावत बाहेर गेले, यांना हात धरून आणलं. यांनी एक डोळा मिटून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे," म्हणाले. "पण हा कापूस होय ना?"

कापूसच होता. काचेवर पडलेला एक तंतू. पंधरा वर्षं कापसात राहणारी, प्राणिशास्त्राची डॉक्टर. यांनी हसू दाबलं, आणि ते दाबलेलं मला जास्त लागलं. टेबलावर ओली चादर घातली, डोक्याला फडकं बांधलं, आणि पुन्हा बसले.

पाठीची कातडी. ब्लीच. धुतली, पाहिली. काही नाही. पोटाची कातडी. काही नाही. झालरीची किनार, एका पायाचं टोक. काही नाही. सगळ्या काचा कोऱ्या, नुसतं स्वच्छ ऊन. पहिल्यांदा मी घाबरले, ब्लीच बदललं, हात धुतले. दुपारपर्यंत बारा काचा झाल्या, आणि मग ती गोष्ट माझ्या डोक्यात हळूच शिरली. खडे दिसत नाहीत, कारण खडे नाहीतच. जांभळी, झालरीची, खोल समुद्रातली, आणि अंगात एकही खडा नसलेली. माझ्याजवळच्या जुन्या वर्णनांच्या सगळ्या झेरॉक्स मी जमिनीवर पसरल्या. अशी जात त्यांत कुठेच नव्हती.

नवी जात. जगात कुणी नाव न ठेवलेली.

त्या दिवशी मी स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. नाव तर मी संध्याकाळच्या आतच ठरवलं होतं. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द वंशाचा, तो जुनाच राहतो. दुसरा नवा, शोधणाऱ्याच्या मनाचा. मी ठरवलं, दुसरा शब्द उंद्रीवरून. लॅटिनच्या धर्तीवर उंद्रीएन्सिस. गावात विहिरीला पाणी नाही, नदी पावसाळ्यापुरती, आणि समुद्राच्या तळाशी आमच्या गावाच्या नावानं एक जांभळी बाई फिरणार. याचं मला हसू यायला हवं होतं. मला आलं ते रडू, अभिमानाचं. मी ते नाव सासूबाईंना सांगितलं, शेजारी सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. गिरणीत एकजण म्हणाली, "मंग तिले इकडं सोडसान का?" मी त्यावरही गंभीरपणे उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या बूथमधून मैत्रिणीला फोन.

"खडे नाहीत? एकसुद्धा नाही?" तिचा आवाज चढला. "सगळीकडून बघितलंस?"

"बारा काचा. पाठ, पोट, झालर, पाय."

"अगं," ती म्हणाली आणि थांबली. मग भरभर बोलायला लागली, विद्यापीठात बोलायची तशी, अर्धी वाक्यं खाऊन. अहवालात वेगळं प्रकरण टाकू, चित्रं तू काढ, नाव दोघींचं. जे 'अनोळखी लिही' म्हणत होते त्यांना आता दाखवते. पाच दिवसांनी अहवाल छपाईला जाणार होता. त्याच्या आत मी वर्णन लिहून द्यायचं.

बाहेर चाचांनी हात पुढे केला. "मुबारक हो मॅडम. उंद्री समुंदर में गया."

पुढचे दोन दिवस मी वर्णन लिहीत होते. काय ती भाषा. 'त्वचेत अस्थिकांचा पूर्ण अभाव' हे वाक्य मी सात वेळा लिहिलं, दर वेळी थोडं अधिक भारदस्त.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे वावरातून चहाला आले. मी काकडीची लांबी मोजायला डबा उघडून टेबलावर ठेवला होता. यांनी कप उचलला आणि तसाच धरून राहिले.

"काऊन वं, हिले यात काऊन ठेवलं?"

"का? स्वच्छ आहे."

"स्वच्छ राहीनच ना. हा तेजाबाचा डबा होय."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बीटी यायच्या आधी घरचंच बी पेरायचे. सरकीवर बारीक लव असते, ती काढल्याशिवाय बी नीट उगवत नाही. त्यासाठी सरकीवर तेजाब, म्हणजे कडक ॲसिड, ओतून काठीनं ढवळायचं, लव जळून जायची, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. दर वर्षी मे महिन्यात, मागच्या अंगणात, याच डब्यात. पाकिटातलं रंगवलेलं बी यायला लागलं तेव्हापासून ती भानगड मिटली आणि डबा माळ्यावर गेला.

दर वर्षी मे महिन्यात मी साखरखेर्ड्याला, माहेरी, आमरस खात होते.

"धुतला असेल ना तुम्ही?"

"धुतला होता. पण त्याचं काही सांगता येत नाही. खोबणीत राह्यते." कप खाली ठेवून म्हणाले, "त्यानं काही होते का वांग्याले?"

काकडी कशीबशी काढली आणि लोणच्याची एक बरणी रिकामी करून, घासूनपुसून त्यात नव्या स्पिरिटात ठेवली. मग उंबऱ्यावरून चिमूटभर रांगोळी आणली. आमच्याकडची रांगोळी दगडाची असते, चुन्याच्याच जातीची, खडे असतात त्याच मालाची. डब्यातलं स्पिरिट न्हाणीत ओतून टाकलं, तळाच्या खोबणीत थोडं पाणी घातलं, डबा हलवला, आणि ती चिमूट त्यात सोडली.

बुडबुडे आले. फार नाहीत. बारीक, मोहरीहून बारीक, खोबणीच्या कडेनं एक ओळ धरून वर येणारे. मी ते बघत बसले. आठवडाभर माझी जांभळी बाई या डब्यात होती आणि तिच्या अंगातले खडे असेच, एकेक करून, बुडबुडे होऊन गेले होते. जात नवी नव्हती. मी तिला खडे नसलेली केली होती.

आता ती दुपार. मी तुम्हाला सांगणार नव्हते, पण मग एवढं सगळं लिहायचं कशाला. त्या दुपारी चाळिशीतल्या त्या बाईनं असा विचार केला, की हे कुणाला माहीत आहे? मला आणि यांना, आणि यांना काकडी आणि वांगं यांतला फरक कळत नाही. नग एकच. दुसरा कधी येईल तेव्हा येईल, कदाचित माझ्या मरणानंतर. तोपर्यंत उंद्रीएन्सिस पुस्तकात. हा विचार तिनं साधारण चार तास केला. चहाचे तीन कप पीत केला. मी तिची बाजू घेणार नाही.

तिला उठवलं ते मैत्रिणीच्या एका वाक्यानं. माझी मान तुझ्या हातात आहे. अहवालावर सही तिची होती. दुसरा नग वर आला आणि त्यात खडे निघाले, तर हसणारे तिला हसणार होते, उंद्रीला कोण ओळखतं. पाचला मी बूथवर गेले. चाचा म्हणाले, "आओ मॅडम, खुशखबर?" मी दार लावायचा प्रयत्न केला. ते लागलं नाही.

"ऐक," मी म्हटलं. "खडे होते."

"कुठे होते?"

"कातडीत. मी घालवले. तेजाबाच्या डब्यात ठेवली होती तिला."

बाकावरचे मान वळवून बघायला लागले.

"तू," ती म्हणाली. "तू सरांच्या खोलीत मला एकदा सांगितलं होतंस की मी निष्काळजी आहे. टेबलावर चहा ठेवला म्हणून."

"हो."

"मला फक्त आठवण करून द्यायची होती." आवाजात राग होता की रडू, कळलं नाही. "परवा अहवाल जातोय. मी सगळ्यांना सांगून बसलेय. आता काय लिहू? अनोळखी?"

"मला आत कापू दे."

"काय?"

"पोट उघडू दे. आतड्याला, अंडाशयाला खडे असतात काहींच्या. तिची कातडी जाड आहे. डब्यात उरलेलं तेजाब ते किती असणार. कातडीतल्या खड्यांनीच ते खाऊन संपवलं असेल. आतपर्यंत पोचलं नसेल."

"असेल, नसेल. एकच नग आहे माझ्याकडे."

"म्हणूनच विचारतेय. नाही म्हणालीस तर नाही कापणार."

बाहेर कुणीतरी एसटीचा हॉर्न बराच वेळ दाबून धरला होता. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "काप. आणि काय वापरायचं ते काचेचं वापर, बयो."

रात्रभर मी काही केलं नाही. उजेड आरशाचा, म्हणजे सूर्याचा. सकाळी नऊला ऊन खिडकीत आलं. काचेच्या ताटलीत तिला उताणी ठेवली. ब्लेडनं पोटावरून एकच चीर, पायांच्या दोन रांगांच्या मधून. आतून गाळ निघाला, करडा, रांगोळीहून मऊ. तिचं शेवटचं जेवण. आतडं बाजूला केलं, त्याच्यामागे अंडाशयाचा झुबका, फिकट पिवळा. चिमट्यानं त्यातले दोन धागे उचलले. तोंडाजवळच्या आत ओढलेल्या बोटांमधलं एक कापलं, अगदी बुडातून. दोन काचा, दोन थेंब ब्लीच. विरघळायला वेळ लागतो. मी घड्याळ बघितलं नाही. कापसाला टेकून डोळे मिटले. सासूबाई दारात बसून लसूण सोलत होत्या.

तीनदा धुतलं. अंडाशयाची काच लावली. आरसा फिरवला. आधी नुसता उजेड. मग चाक हळूहळू फिरवत गेले आणि उजेडाच्या तळातून काहीतरी वर आलं, जसं विहिरीत बादली वर येताना आधी कडी दिसते. एक फुली. चार हात, जवळजवळ काटकोनात, हातांवर बारीक काटे, आणि मधोमध, उभी, माझ्याकडे रोखलेली एक दांडी. कडा जरा कुरतडलेल्या. तेजाब इथवर येऊन परतलं होतं. तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी, आडवी पडलेली, दांडीला टोकाशी काटे. मी मोजायला लागले आणि आकडा चुकत गेले, कारण मी हसत होते आणि हसताना सूक्ष्मदर्शक हलत होता. बोटाच्या काचेवर तर ढीग होता, शाबूत, अणकुचीदार.

"आत्याबाई," मी म्हटलं, "सापडले."

"बिया?" त्या म्हणाल्या.

"हो. बिया."

यांना बोलावलं. यांनी पुन्हा एक डोळा मिटून पाहिलं, या वेळी लगेच मान वर केली. "हे तं आपली चौफुली होय. दोन्हीकून रेघा मारून कापूस टोकतो, तशी. लय सुबक मारली कोणं तं."

झेरॉक्स पुन्हा जमिनीवर. आता मला माहीत होतं काय शोधायचं. चार हातांच्या फुल्या म्हणजे हे कूळ. उभी दांडी म्हणजे कुळातला हा वंश. पाठीवर शेपटीसारखा उंचवटा हवा होता. तो होताच, मी वाहतुकीत आलेली घडी समजून वर्णनात लिहिलाच नव्हता. काटे किती, दांडीच्या टोकाला किती, झालरीत पाय किती. एकेक प्रश्न, एकेक फाटा, आणि दर फाट्याला निम्म्या जाती गळत गेल्या. सात उरल्या, तीन उरल्या. दुपारी दोनला एक उरली. माझ्याही सरांच्या जन्माआधी कुणीतरी दुसऱ्याच महासागरातल्या नगावरून ती लिहिली होती, आणि शाईनं काढलेल्या चित्रात माझीच फुली होती, काट्याला काटा. मी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. मग पाहिलं सूक्ष्मदर्शकातून, मग पान, मग परत. मला वाटलं होतं नाव ठेवणं म्हणजे परमसुख. ओळख पटणं काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. मी यांना न सांगताच बूथकडे निघाले, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच.

"नवी नाही," मी फोनवर म्हटलं, आणि नाव सांगितलं.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज. "आपल्या बाजूच्या समुद्रातून ही कुणी लिहिलेली नाही," ती हळूच म्हणाली. "अगं, ही इथे पहिल्यांदाच." आणि मग दोघी एकदम बोलायला लागलो, आणि बाकावरच्या लोकांना चाचा खुलासा करत होते की काकडी मिल गयी.

शेवटी ती अहवालाची भाषा ठरवायला लागली. "त्वचेचं काय लिहू? 'त्वचेत अस्थिका आढळल्या नाहीत' असं लिहिते. खोटं नाही आणि तुझ्यावर काही येत नाही."

"तसं लिहू नकोस. पुढचा माणूस वाचेल आणि समजेल की नव्हत्याच."

"मग?"

"होत्या, आणि परीक्षण करणाऱ्या बाईनं घालवल्या, असं लिही. कशानं तेही लिही."

"कपाशीचं बी साफ करायच्या तेजाबानं," ती म्हणाली. तिला हसू आवरेना. "हे मी इंग्रजीत लिहिते आहे, तुला कल्पना आहे ना?"

"लिही."

तिनं लिहिलं. छापलेल्या पानावर माझा उल्लेख एकदाच येतो, त्याच ओळीत. गिरणीत, शेजारी, सगळीकडे मला जाऊन सांगावं लागलं की उंद्री समुद्रात गेली नाही. त्याला दोन आठवडे लागले, आणि तो वेळ फार मजेत गेला असं मी म्हणणार नाही.

काकडी परत पाठवायची होती. काचेची नवी बरणी आणली, चहूबाजूंनी कापूस भरला. तेवढा तरी आमच्याकडे होता. स्पिरिटात टिकावी म्हणून चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलनं. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत कुठून, किती खोल. तिसरी ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणजे शब्दांना नव्हे, हाताला. इंग्रजीत लिहिली, पण आपल्या भाषेत ती अशी होते: बाहेरच्या कातडीवर विसंबू नये, आतले पाहावे. खाली माझी सही. मग ती चिठ्ठी तिच्याशेजारी बरणीत सोडली, आणि यांनी ती बरणी एसटीत मांडीवर धरून चिखलीला ट्रॅव्हल्सच्या गाडीपर्यंत नेली.